शेजाऱ्यांकडे ठेवलेले ढग

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून ते दुकानादुकानांतले तराजूकाटे तपासत फिरायचे, त्यामुळे बिल्डिंगमधल्या पोरांनी त्यांना काटेकाका करून टाकलं, आणि पुढे पोरांच्या आईबापांनीही तेच नाव उचललं. शिक्का नसलेलं वजन दिसलं की ओळखीपाळखीच्या दुकानदारालाही न सोडणारा हा माणूस. आणि अशा माणसाला एका दुपारी त्याच्याच खिशातल्या फोननं तोंडावर सांगितलं, जागा नाही.

झालं असं, की जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून काका कचेरीच्या खिडकीशी बसले, चष्मा पुसला आणि बुद्धिबळाचं ॲप उघडलं. रोजच्यासारखा पट यायच्या ऐवजी एक निळी पाटी आली. ही आवृत्ती जुनी झाली, नवी घ्या, मग खेळा. काकांनी 'घ्या'वर बोट ठेवलं. फोन म्हणाला, जागा अपुरी आहे. काकांनी पुन्हा बोट ठेवलं, जरा जोरात. सरकारी नोकरीत ते एक शिकले होते, की पहिलं 'नाही' म्हणजे नुसतं खाकरणं असतं, खरं उत्तर दुसऱ्या खेपेला मिळतं. पण दुसऱ्या खेपेलाही फोन तेच म्हणाला.

एरवी त्यांनी फोन खिशात टाकून एक डुलकी काढली असती. पण पटावर दादाचा राजा कोपऱ्यात सापडला होता. काकांचा हत्ती एकदा शेवटच्या ओळीत जाऊन बसला की मात! निवृत्तीला टेकलेल्या या माणसानं आपल्या थोरल्या भावाला आजवर एकदाही हरवलं नव्हतं. ना बुद्धिबळात, ना पळण्यात, ना बोलण्यात. आणि आता हत्ती आणि शेवटची ओळ यांच्यामध्ये ही निळी पाटी येऊन बसली होती.

आता तुम्हाला म्हणून सांगायचं, तर प्रश्न हरण्याजिंकण्याचा नव्हताच. काका आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून, तर लहानपणीच्या घराचा जिना डाव्या हाताला होता की उजव्या! बहिणीकडे जेवणं उरकून सगळे निवांत बसले होते. दादा म्हणाला उजव्या, काका म्हणाले डाव्या. ते घर पाडून तिथे कधीच दुकानं उभी राहिलेली, त्यामुळे पुरावा शून्य. जिन्यावरून शब्द घसरले ते आईच्या आजारपणात कोण किती वेळा आलं होतं इथवर जाऊन आदळले. दोघंही ताडकन उठून आपापल्या घरी गेले. आधी फोन दादानं करावा असं इकडे ठरलं, आणि आधी धाकट्यानं करावा असं तिकडे. यात वर्षं गेली. शेवटी दादाच्या मुलीनं कंटाळून दोघांच्या फोनमध्ये हा खेळ टाकून दिला, आणि तेव्हापासून भाऊ भावाला रोज एक खेळी पाठवत होता. ॲपमध्ये चार शब्द लिहायचीही सोय होती. कुणी कधी एक अक्षर लिहिलं नाही. एकदा दादाकडून नुसता अंगठा आला होता. तो चुकून लागला असणार, असं काकूंचं मत. काका मात्र आठवडाभर तो अंगठा उघडून बघत होते.

त्या ॲपचा एक नियम होता. पंधरा दिवसांत खेळी आली नाही, तर त्या गड्यानं डाव सोडला असं धरलं जातं. ॲपनं काय धरायचं ते धरो, पण दादाही तेच धरून बसला असता, आणि मग जे काही एका खेळीच्या धाग्यानं टिकून होतं ते गेलंच असतं. पुतणीला विचारायची सोय नव्हती. पुतणीला विचारणं म्हणजे दादाच्या कानावर घालणं. "त्याला साधा फोन चालवता येत नाही!" हे दादाचं वाक्य काकांना न बोलताच ऐकू यायला लागलं होतं.

बरं, फोनमध्ये एवढं भरलं तरी काय होतं? तर ढग.

दादाची खेळी दुपारी जेवणानंतर यायची, पण नेमकी कधी याचा भरवसा नसे. तोवर काका खिडकीतून आभाळाकडे बघत बसायचे आणि एखादा ढग मनात भरला की त्याचा फोटो काढायचे. धान्याच्या पोत्यापासून सोनाराच्या गुंजेपर्यंत सगळं तोलून झालेल्या माणसाला काटा न लावता येणारी एखादी गोष्ट आवडावी, यात काही नवल नाही. बघता बघता फोनमध्ये आभाळच्या आभाळ उतरलं. दादानं वजीर पुढे काढला त्या दिवशीचे पांढरे, विरत गेलेले ढग. काकांचा घोडा गेला त्या दिवशीचा एक एकटा, रुसून बसलेला. एक ढग तर हुबेहूब त्यांच्या मोठ्या साहेबांसारखा, वर फुगलेला आणि खाली सपाट.

"उडवा की त्यातले थोडे," काकू म्हणाल्या. "आभाळात रोज नवे येतात. शिळे कशाला साठवायचे?"

काकांना पटलं. रविवारी दुपारी गॅलरीतल्या आरामखुर्चीत बसून त्यांनी हे काम हातात घेतलं. पहिला ढग उघडला. बघितला. हा नको उडवायला. दुसरा उघडला. त्या दिवशी वारा सुटला होता, कचेरीतले सगळे कागद उडाले होते आणि उंचावरून हा इतका सावकाश चालला होता की जणू खालच्या वाऱ्याशी त्याचा काही संबंधच नाही. हाही नको. चौथ्यापाचव्या ढगाशी काका इतके आत शिरले की काकूंनी आणलेला चहा निवून गेला. संध्याकाळपर्यंत त्यांनी एक फोटो उडवला. तो त्यांच्याच अंगठ्याचा होता, कॅमेऱ्यापुढे चुकून आलेला. तो उडवल्यावरही त्यांना चुटपुट लागलीच. फोन म्हणाला, जागा अपुरी आहे.

मग काका फोन कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. काचेचं दार, थंड हवा, हातात नंबराची चिठ्ठी, आणि खुर्च्यांवर आपापला आजारी फोन मांडीवर घेऊन बसलेली माणसं. काउंटरवरची मुलगी अगदी गोड बोलायची.

"सोप्पं आहे काका. आधी सगळ्याचा बॅकअप घ्या."

"घेतो. कसा?"

"बॅकअपचं ॲप आहे ना, ते फक्त अपडेट करा."

"करतो. पण त्याला जागा नाही म्हणतंय."

"मग जागा करा."

"कशी करू?"

"बॅकअप घ्यायचा आणि फोटो उडवायचे."

काका क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या खात्यात परवान्याला शिक्का लागायचा आणि शिक्क्याला परवाना, पण तिथेसुद्धा मध्ये कुठेतरी जरा फट असे, ओळखीचा एखादा कारकून असे. इथे फटच नव्हती. कुणीतरी फार डोकं लावून केलेलं काम होतं. त्यांनी मनातल्या मनात दाद दिली, आणि मग आपण काउंटरच्या चुकीच्या बाजूला उभे आहोत हे आठवून त्यांना वाईट वाटलं.

"नाहीतर ॲप काढून टाका आणि परत घ्या," मुलगी म्हणाली. "पासवर्ड माहीत आहे ना?"

"पासवर्ड पुतणीनं घातला."

"मग पुतणीला विचारा!"

काका आभार मानून बाहेर पडले.

आता बिल्डिंग म्हटल्यावर गोष्ट लपून थोडीच राहणार? काकांनी कारण कुणाला सांगितलं नाही, "कचेरीचं काम अडलंय" एवढंच सांगितलं. पण सल्ल्याला कारण कुठे लागतं! तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, "एक दिवस बंद ठेवा त्याला. दमतो हो तोही." दातांचे डॉक्टर म्हणाले, "मुळातूनच काढावं लागेल," पण ते सगळ्याच बाबतीत तसं म्हणत. बँकेतून निवृत्त झालेले सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "नवीन घ्या. जुन्यात जीव गुंतवू नये." आणि वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "ते रबराचं कव्हर काढून बघ रे. घट्ट बसतं ते, आत जागाच राहत नाही." काकांनी आजींना हसून मान डोलावली, घरी आले, दार लावलं आणि गुपचूप कव्हर काढून बघितलं. माणूस बुडायला लागला की काडीही धरतो.

शेवटी काकू वैतागून म्हणाल्या, "घराला रंग काढला होता तेव्हा कपाट डॉक्टरांकडे ठेवलं, गाद्या शिंप्याकडे टाकल्या, आणि काम झाल्यावर परत आणलं. तसं करा आता. तुमचे ढग ठेवून या शेजाऱ्यांकडे!"

हे टोमण्यानं म्हटलेलं होतं. तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला बायकोचा टोमणा आणि बायकोचा सल्ला यांतला फरक कळायला हवा. पण काकांचे डोळे लकाकले. "अगं, वा!" ते म्हणाले आणि चपला घालून निघालेसुद्धा.

वजनमापाचा माणूस तो, वाटणी करताना आपला तोल कसा सुटू देईल? शिंप्याला कापडाची आवड, म्हणून तलम, झिरझिरीत ढग त्याच्याकडे. संध्याकाळचे रंगीतही त्यालाच. डॉक्टरांचा फोन मोठा, म्हणून गच्च भरलेले पांढरेशुभ्र ढग तिकडे. काळे, पाण्यानं जड झालेले ढग जबाबदारीच्या माणसाकडे हवेत, म्हणून ते सेक्रेटरींकडे. "चार दिवसांचा प्रश्न आहे," काका प्रत्येकाला सांगत होते. "फक्त हात लावू नका." शेजारी बिचारे भले. कपाट ठेवून घेतलं होतं, ढग काय अंगावर पडणार होते?

ठेवी पोचत्या झाल्या आणि काकांनी आपल्या फोनमधून सगळे ढग उडवले. उडवताना मुद्दामच डोळे मिटले होते. फोन एकदम मोकळा झाला. काकांनी 'घ्या'वर बोट ठेवलं. फोन म्हणाला, या ॲपच्या नव्या आवृत्तीला फोनचीही नवी आवृत्ती लागते. काकांनी तीही मागितली. फोन म्हणाला, ती सर्वांना टप्प्याटप्प्यानं दिली जात आहे, आपला क्रमांक आला की कळवू.

काकांनी खुर्चीत पाठ टेकली. 'आपला क्रमांक आला की कळवू' ही ओळ त्यांनी स्वतः आजवर हजारो लोकांना ऐकवली होती. ती ऐकून माणसं जिना उतरून जातात ती कुठे जातात आणि काय करतात, हा विचार त्यांनी कधीच केला नव्हता. आता कळलं, की काही करत नाहीत. बसतात.

काका बसले. दुपारी खिडकीशी, संध्याकाळी गॅलरीत, मांडीवर फोन ठेवून. आभाळात ढग येत होते आणि जात होते, पण जागा जाईल म्हणून काका फोटो काढत नव्हते. नुसते बघत होते. बघता बघता त्यांचा डोळा लागायचा. अशाच एका दुपारी त्यांना स्वप्न पडलं, की अपडेट फोनचं नाहीच, त्यांचंच व्हायचंय. काउंटरवरची ती गोड मुलगी म्हणत होती, "काका, तुमच्यात जागा अपुरी आहे. काहीतरी काढून टाकावं लागेल." मग ती एकेक वस्तू दाखवायला लागली. पहिल्या नोकरीचं पत्र. आईचं चष्म्याचं घर. आणि मग एक जिना आला, लाकडी, मधल्या पायरीवर खोलगट झालेला. डाव्या हाताला की उजव्या, ते काही दिसेना, कारण काका त्या जिन्यावरच बसलेले होते आणि शेजारी दादा होता, हाफ पँट घातलेला. जिन्यावर बसलेल्या माणसाला जिना कुठल्या हाताला ते कसं कळणार? "हा काढायचा का?" मुलीनं विचारलं. "नको, नको!" काका ओरडले आणि जागे झाले. काकूंनी आतून विचारलं, "काय नको?" काका म्हणाले, "चहा." आणि मग नंतर चहा मिळालाच नाही.

इकडे ठेवींनी रंग दाखवायला सुरुवात केली होती.

दातांचे डॉक्टर पेशंटच्या एक्सरेचा फोटो आपल्या फोनवरच दाखवत. एका बाईंची दाढ दाखवायला म्हणून त्यांनी फोन पुढे केला, तर पडद्यावर पांढराफटक, फुगलेला ढग. बाई किंचाळल्याच. "डॉक्टर, हे एवढं माझ्या तोंडात आहे?" डॉक्टरांनी सवयीनं बघायच्या आधीच सांगितलं, "हो, मुळातूनच काढावं लागेल." बाई खुर्चीतून उठून ज्या पळाल्या त्या परत आल्या नाहीत. शिंप्याच्या दुकानात वेगळंच. एका गिऱ्हाइकाला पडद्यांचे नमुने दाखवताना मध्येच काकांचा संध्याकाळचा ढग आला आणि गिऱ्हाईक त्याच्यावर अडून बसलं. "हेच कापड हवं." शिंपी सगळा बाजार पालथा घालून आला. तसला रंग कुणाकडे नव्हता, कुणाला त्याचं नावही सांगता आलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "दाखवता कशाला मग?" आणि रुसून गेलं. शिंपी काकांना जिन्यात गाठून म्हणाला, "साहेब, तुमचं सामान कधी हलवताय?" साहेब म्हणाला तेव्हाच काकांना काय ते कळलं. रोज तो काका म्हणायचा.

आणि मग सेक्रेटरींनी घोळ घातला.

बिल्डिंगच्या पाण्याची टाकी धुवायची होती. सेक्रेटरींनी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, उद्या पाणी येणार नाही. कागदाचा फोटो काढला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. म्हणजे टाकला असं त्यांना वाटलं. ग्रुपवर गेला तो एक ढग, काळाकुट्ट, खाली लोंबणारा, खाली ना ओळ ना अक्षर. सेक्रेटरी उगाच काही टाकणाऱ्यातले नव्हते. हे वादळच येतंय म्हटल्यावर बिल्डिंगमध्ये पळापळ झाली. वाळत घातलेले कपडे आत आले, गच्चीवरच्या कुंड्या खाली आल्या, खिडक्या कड्या घालून बंद झाल्या. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि आत सगळी बिल्डिंग घामाघूम होऊन वादळाची वाट बघत बसली. पाणी मात्र कुणी भरून ठेवलं नाही. आता पाणीच पाणी होणार म्हटल्यावर कोण भरून ठेवतो?

सकाळी नळ खाकरला आणि गप्प झाला. डॉक्टर तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत जिन्यात आले. डोळे मिटलेले, हात पुढे, "सेक्रेटरी! सेक्रेटरी!" सगळ्या मजल्यांवरून आरडाओरडा सुरू झाला.

नेमक्या त्याच सकाळी काकांचा क्रमांक लागला होता. फोनवर निळी रेघ उमटली होती आणि मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होती. पंधरवड्याचा तो शेवटचा दिवस. काकांनी रजा टाकली होती. दारं लावून घेतली होती. काकूंना भांडी आपटू नका म्हणून सांगितलं होतं, जणू आवाजानं रेघ बिचकेल. रेघ अर्ध्यावर गेली. अर्ध्याच्या पुढे गेली. काकांना हत्ती दिसायला लागला. तो सरळ चालत शेवटच्या ओळीकडे निघालाय आणि तिकडे दादा चष्मा कपाळावर सरकवून म्हणतोय, अरे, धाकट्यानं मला मात दिली! म्हणजे धाकट्याविषयी चार शब्द बोलतोय. रेघ शेवटाला आली, बोटभर राहिली.

आणि खाली सेक्रेटरींचा संयम संपला. सगळ्या बिल्डिंगच्या शिव्या खाल्लेल्या त्या भल्या माणसानं खुर्चीत बसून काकांना ठेव परत करायची ठरवली, आणि रागात नीट न बघता ती ग्रुपवरच केली. एकामागोमाग एक, सगळे काळे ढग. ते बघून डॉक्टरांना वाटलं परत करायचा दिवस आजच दिसतो, त्यांनी पांढरे टाकले. मग शिंपी कशाला मागे राहतो? झिरझिरीत, केशरी, जांभळे, सगळं आभाळ टिंगटिंग करत ग्रुपवर उतरलं. आणि ग्रुपमध्ये काकाही होते.

काकांच्या डोळ्यांसमोर फोन भरत गेला. ओळखीचे ढग होते. मोठे साहेबही वरून फुगलेले, खाली सपाट, येऊन बसले. निळी रेघ थांबली, जरा थरथरली आणि नाहीशी झाली. फोन म्हणाला, जागा अपुरी आहे.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. बिल्डिंगमधली माणसं तक्रारी घेऊन येत होती, सगळ्यांचे फोन भरले होते. वरच्या आजींच्या फोनमध्ये नातवाचा फोटो येईना झाला होता. काकूंनी सगळ्यांना दारातच समजावून वाटेला लावलं. शिंप्याला तर त्यांनी असं काही सुनावलं की तो "काकांना माझा नमस्कार सांगा" म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका गॅलरीत बसले होते. पंधरा दिवस उलटले होते. काकू शेजारी येऊन बसल्या.

"गेला डाव," काका म्हणाले. "त्याला वाटणार, मी सोडून दिलं. मी काही सोडलं नाही गं. मी रोज बसत होतो."

काकू म्हणाल्या, "अहो, तो फोन आहे ना?"

"आहे."

"लागतो?"

"लागतो की."

"मग लावा."

काका त्यांच्याकडे बघायला लागले. इतके दिवस सगळ्या जगानं त्या फोनचं काय काय करायचं ते सांगितलं होतं. बंद ठेवा, नवा घ्या, कव्हर काढा, बॅकअप घ्या. फोन करा असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि खोटं कशाला बोला, काकांना सुचलंही नव्हतं असं नाही. सुचलं होतं. रोज सुचत होतं.

"मी आधी लावू?" त्यांनी विचारलं.

"तिकडे तो काय समजून बसला असेल, ते आधी डोळ्यांसमोर आणा. मग कुणी लावायचा ते ठरवा," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

फोनला जागा लागली नाही. लगेच लागला. पलीकडे एकच घंटी वाजली.

"हां, बोल," दादा म्हणाला. काल बोलणं झाल्यासारखा.

काकांनी काय काय ठरवलेलं, ते सगळं गेलं. "अरे, जागा नव्हती," ते म्हणाले.

"कुठे?"

"फोनमध्ये."

"बरं," दादा म्हणाला. "तो खेळ मला म्हणतो, तुम्ही जिंकलात. अभिनंदन म्हणतो! फुगे काय सोडतो, टाळ्या काय वाजवतो. मी बंदच केला तो मेला. कालपासून जेवण गेलं नाही मला."

"मलाही."

"मला वाटलं, तू संपवलंस."

"नाही रे दादा."

दोन्हीकडून श्वास तेवढे ऐकू येत होते. म्हातारे झालो आपण, काकांना वाटलं. दादाला धाप लागत होती.

"कपाटातला लाकडी पट काढलाय मी," दादा म्हणाला. "होता तसा डाव मांडलाय त्याच्यावर. तुझ्या वहिनीला टेबलाजवळ फिरकू देत नाही. बघ, खेळी तुझी आहे."

काकांनी डोळे मिटले. पट समोर होताच, पंधरा दिवस तो कुठे हलला होता? कोपऱ्यात दादाचा राजा. हत्तीपुढची वाट मोकळी, शेवटच्या ओळीपर्यंत.

"बाजूचं प्यादं," काका म्हणाले. "एक घर पुढे."

"गाढवा," दादा हळू म्हणाला, "नीट बघ. हत्ती बघ तुझा."

"बघितला."

"मग?"

"मग काही नाही. प्यादं."

मग लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज आला, ठक.

"ठेवलं," तो म्हणाला. "आता मला विचार करायला लागेल. उद्या सांगतो."

"सांग."

"ज्याची खेळी त्यानं फोन करायचा. कळलं? नंतर कटकट नको."

"कळलं."

काकांनी फोन ठेवला आणि तसेच बसून राहिले. काकू पदराला हात पुसत गॅलरीच्या दारात आल्या.

"काय हो, कोण जिंकलं?"

"चालू आहे अजून," काका म्हणाले.